वरची मूठ

मी नेमकी कोणती डिग्री करते आहे, हे आमच्या गावात, आसगावात, मला कुणालाच धड समजावून सांगता आलं नाही. एमबीए म्हटलं की लोकांना बँक आठवते. मी पुढे ‘समाजासाठी चालणाऱ्या उद्योगांचं’ असं जोडायची. त्यावर शेजारची काकू म्हणाली, “धंदा शिकून राहिली त समाज कायले? आन् समाजाचं काम करून राहिली त धंदा कायले?” दोन वर्षं झाली, इतका अवघड प्रश्न एकाही पेपरात आला नाही.

आमचं घर मासेमारीवर चालतं. बाबा तलावात जाळं टाकतात आणि आई, काकू आणि आणखी तिघी कोंढ्याच्या आठवडी बाजारात ओळीने टोपली मांडून बसतात. आईचं तिथलं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मॅडम. बीए करून मी घरी बसले होते, तेव्हा मासोळ्या तोलता तोलता आईने त्यांच्याजवळ माझं रडगाणं गायलं असणार. कारण पुढच्याच बाजाराला मॅडम या कोर्सची माहिती कागदावर लिहून घेऊन आल्या. मला शेजारी बसवून त्यांनी फॉर्म भरून घेतला. प्रवेश परीक्षेला भंडाऱ्याला माझ्यासोबत एसटीने आल्या आणि पेपर संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिल्या. आमचं ना नातं ना गोतं. त्यांचे उपकार मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

पहिलं वर्ष संपताना प्रकल्प करायचा होता. एखाद्या छोट्या धंद्यात आठ आठवडे काढायचे आणि त्यात एक सुधारणा करून दाखवायची. वर्गातली मुलं लांबलांबच्या गावांना गेली. मी मात्र आईचा बाजारच निवडला, आणि स्वतःला फार शहाणी समजले.

दुसऱ्याच बाजारात मला ‘गळती’ सापडली. आमच्याकडे मासोळ्या तोलून पिशवीत टाकल्या की बाई पुन्हा टोपल्यात हात घालते आणि वरून एक मूठ टाकते. गिऱ्हाईक ती मागत नाही आणि बाईही काही बोलत नाही. अशा मुठी-मुठीने संध्याकाळपर्यंत पाच जणींचं मिळून एक टोपलं तरी फुकट जात असेल. मी पाचही जणींना ओसरीवर बसवलं, या गळतीचा मांडलेला तक्ता दाखवला आणि सांगितलं, वरची मूठ बंद. त्याऐवजी मासोळ्या साफ करून द्यायच्या. माझा आवाज तेव्हा जरा चढलेलाच असायचा. शेवटी आई म्हणाली, “पोरगी शिकून आली हाये. पाहू त एक बाजार.” मग बाकीच्याही तयार झाल्या.

त्या बाजारी मी आईच्या मागे वही घेऊन बसले. मासोळ्या तोलून झाल्या तरी गिऱ्हाइकं पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहायची. “झालं,” आई म्हणायची. कुणी कसनुसं हसून जायचं, कुणी फणकाऱ्याने. साफ करून देण्याचं कौतुक कुणालाच नव्हतं, कारण इथे मासोळी खवल्यांसकट, डोळे बघून घेतात. दुपार कलली तरी टोपली अर्धी भरलेली होती, आणि बारीक मासोळी संध्याकाळनंतर कुणी फुकटही नेत नाही. काकू एक शब्द बोलली नव्हती. काकू गप्प, म्हणजे परिस्थिती गंभीर.

तेवढ्यात मॅडम आल्या. आईने अर्धा किलो तोलून त्यांच्या पिशवीत ओतलं. सवयीने तिचा हात टोपल्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मॅडमना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या जरा वाकल्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात आईला म्हणाल्या, “काहून वो बाई, माझं काही चुकलं का?”

आमच्या बाजारात ज्या बाईशी बोलणं तुटलंय तिलाच फक्त काट्यावर भरेल तेवढंच देतात. वरची मूठ बंद म्हणजे भांडण. मला हे लहानपणापासून माहीत होतं, फक्त माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. आईला तर ते सकाळपासूनच कळत होतं. माझ्या मार्कांसाठी तिने अख्ख्या बाजाराशी भांडण ओढवून घेतलं होतं, आणि आता मॅडमसमोरही ती चारचौघांत माझा शब्द मोडायला तयार नव्हती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मी उठले. वर्षभर हॉस्टेलात मासोळीला हात लागला नव्हता. दोन्ही हात टोपल्यात घातले आणि भरतील तेवढ्या मासोळ्या मॅडमच्या पिशवीत टाकल्या.

“अवं, येवढ्या?” आई ओरडली. “मूठ म्हंतेत त्याले, ओंजळ नाई! धंदा कराले शिकून राहिली का बुडवाले?”

पाचही जणी खळखळून हसल्या आणि काकूचं तोंड पुन्हा सुरू झालं. मॅडमना मी तिथेच सगळं सांगितलं. त्यांनी मला शाळेतल्यासारखं रागावून घेतलं आणि मग त्याही हसल्या.

अहवालात मी प्रकल्प फसला असं सरळ लिहिलं, आणि का फसला तेही. मार्क बेताचे मिळाले आणि ते मला पटले.

पण अहवाल लिहिण्याआधी झालेला पुढचा बाजार सांगायचा राहिला. त्या दिवशी आईने गेल्या खेपेला वरच्या मुठीशिवाय गेलेलं एकेक गिऱ्हाईक ओळखलं आणि प्रत्येकाच्या पिशवीत दोन-दोन मुठी टाकल्या. कुणी विचारलं की सांगायची, “येक आजची, येक मांगच्या बाजाराची. मांगच्या बाजारी पोरीची परीक्षा होती.”