नाव, वय, गाव

दादाचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या बाजारात बांगडे निवडत होते. "शुभा, माधवी उठत नाय गो," एवढंच म्हणाला. आणि मग, "डॉक्टर येऊन गेलो." कोळीण विचारत होती, ताई, साफ करून देऊ का, आणि मी तिच्याकडे बघत उभी. मुलुंडला पोचले तर माझी वहिनी पलंगावर कुशीवर झोपलेली, उशाशी चष्मा, शेजारी अर्धवट वाचलेला पेपर. जेवून आडवी झाली, ती गेली. सत्तरीला टेकलेली होती, बीपीच्या गोळ्या अंगणवाडीतल्या खाऊसारख्या आठवेल तेव्हा खायची आणि लोणच्याशिवाय घास उतरत नव्हता. हे मुद्दाम लिहिते आहे. कारण स्मशानापासून बाराव्यापर्यंत मी एकच कुजबुज ऐकली, त्या प्रदर्शनानं तिचा जीव घेतला. मला हे असलं बोलणं सहन होत नाही. प्रदर्शनानं तिचा जीव घेतला नाही. तिची झोप घेतली, हे मात्र खरं.

वहिनी आमच्या घरात आली ती माझ्यामुळे. आम्ही विक्रोळीच्या चाळीत राहायचो, दादा तिथल्याच एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. कामगारांच्या घरातल्या मुलांची चित्रकलेची स्पर्धा झाली आणि मला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा दादा तणतणत परीक्षक बाईंना जाब विचारायला गेला. परीक्षक बाई म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांची, मुलुंडच्या मास्तरांची मुलगी. तिनं दादाकडे लक्षच दिलं नाही. माझं चित्र काढून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "होडी जमिनीवर का काढलीस? बुडेल म्हणून?" मी म्हटलं, आमच्याकडे पावसात होड्या वर ओढून ठेवतात. "आमच्याकडे म्हणजे? गाव कुठलं तुझं?" देवगड, म्हटलं मी. गावाला तोवर मी एकदाच गेले होते आणि तेही गोवरानं फणफणत परत आले होते. पण विक्रोळीत जन्मलेल्या आम्हा सगळ्या पोरांना कुणीही विचारलं तरी उत्तर देवगड, मालवण, सावंतवाडी असंच यायचं. त्यात खोटं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. दादा पुढचे दोन महिने या ना त्या निमित्तानं त्या बाईंना भेटत राहिला आणि मास्तरांच्या घरात महाभारत होऊन अखेर लग्न लागलं.

पालिकेच्या शाळेत तिनं हयात घालवली. निवृत्त झाल्यावर मुलुंडमधल्या एका ट्रस्टनं त्यांच्या वाचनालयाच्या वरचा मजला तिला बालचित्रांच्या संग्रहालयासाठी दिला. संग्रहालय म्हणजे काय, एक लांब खोली, चार खिडक्या आणि भिंतींवर मुलांची चित्रं. पण तिचे नियम कडक होते. मोठ्या माणसांनी चित्रापुढे "वा, छान" म्हणायचं नाही. चित्र कसं वाटलं हे सांगायचा हक्क फक्त दुसऱ्या मुलाला. आणि प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी, त्यावर तीनच गोष्टी, नाव, वय, गाव. शाळा नाही, इयत्ता नाही, आईबापांचं नाव नाही. गाव मूल सांगेल तेच लिहायचं, तपासायचं नाही. आरेतल्या पाड्यावरची एक पोर तिला म्हणाली होती, "बाई, आमचं गाव इथंच आहे, तुम्हीच सगळे बाहेरून आलात." वहिनीनं हसत हसत तेच लिहिलं, गाव: इथंच. माहुलच्या इमारतींत आणून टाकलेल्या एका मुलानं, जिथलं त्यांचं घर पाडलं होतं त्या गल्लीचं नाव सांगितलं. तेही तसंच लागलं. मी चेष्टा करायचे, "वहिनी, हे संग्रहालय आहे की गाववाल्यांचं मंडळ?" ती चिडली की मला जुन्या पद्धतीनं वन्सं म्हणायची. "वन्सं, तुम्ही आपल्या माशांकडे बघा."

स्नेहल तिची पालिकेच्या शाळेतली विद्यार्थिनी. पुढे नर्स झाली आणि मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेबरोबर गाझाच्या इस्पितळात काही महिने काम करून आली. येताना एक जाड फाईल घेऊन आली, वॉर्डातल्या मुलांनी काढलेली चित्रं. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, सलाईनच्या पाकिटांची मागची बाजू, मिळेल त्या कागदावर काढलेली. मला वाटलं होतं, नुसतं रक्त आणि विमानं असणार. तशी होतीच काही. पण पाण्याच्या टाकीपुढची रांग होती, पतंग होते, तव्यावरची पोळी होती, एका मुलानं आख्ख्या कागदभर एकच बूट काढला होता. सलमा नावाच्या सात वर्षांच्या मुलीनं एक बकरी काढली होती, घरापेक्षा मोठी. बाईंच्या तालमीत वाढलेल्या स्नेहलनं प्रत्येकाला नाव, वय विचारलं आणि सवयीनं तिसरा प्रश्नही विचारला. गाव कुठलं? तंबूत राहणाऱ्या त्या मुलांनी सांगितली ती गावं त्यांच्या आजोबांनी, पणजोबांनी युद्धात सोडलेली, आता सीमेपलीकडच्या देशात गेलेली. त्या मुलांनी ती पाहिलेली नव्हती, आणि त्यातली कितीतरी आता नकाशावर त्या नावानं सापडत नाहीत, असं स्नेहल म्हणाली. आणि चित्र देताना सलमानं तिला बजावलं होतं, तिकडच्या मुलांना विचारून मला सांग, त्यांना बकरी आवडली का.

हे ऐकल्यावर वहिनी पेटली. तिला दुसरं तिसरं काही नको होतं. मुलुंडच्या, विक्रोळीच्या पोरांनी ही चित्रं बघायची आणि सलमाला उत्तर जायचं, बस. ट्रस्टचे अध्यक्ष कर्णिक साहेब तेव्हा हो म्हणाले. निमंत्रणं गेली, चित्रं लागली, वहिनीनं आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वाचनालयात आलेल्या कुणीतरी वर जाऊन त्या चिठ्ठ्यांचे फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते मुलुंडभर फिरत होते. ही गावं कुठल्या देशातली? संग्रहालय नकाशे बदलतंय का? आपल्या पोरांच्या डोक्यात हे कोण भरवतंय? एका पुढाऱ्याच्या माणसांनी कर्णिकांना फोन करून वाचनालयाच्या काचांची चौकशी केली, म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. मग परवानगी घेतली आहे का, अशी अगदी गोड आवाजात पोलिसांकडून विचारणा झाली.

कर्णिक वाईट माणूस नाही. दोन्ही गुडघे बदललेले, तरी जिना चढून ते वहिनीकडे घरी आले. मी तिथेच होते, चहा मीच केला. ते म्हणाले, "माधवीताई, मी सगळ्यांना समजावलंय. चित्रं राहू देत. फक्त चिठ्ठीवरची ती तिसरी ओळ काढा. नाव आणि वय पुरे आहे ना? लहान मुलं आहेत, एवढंच लोकांना कळलं तरी चालेल."

वहिनी म्हणाली, "साहेब, आजवर एकाही मुलाचं गाव मी खोडलेलं नाही."

"ताई, खाली वाचनालयात शाळेची मुलं बसतात. उद्या दगड आला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ती एवढंच म्हणाली, "मग बंद करा. पण माझ्या हातानं खोडायला सांगू नका."

ते गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. माझा स्वभावच तसा. "अगं, एक ओळ! एका ओळीसाठी तू सगळं घालवलंस. ती पोर बकरीचं विचारतेय, गावाचं नाही. पोरांनी बकरी तरी बघितली असती." ती सिंकपाशी कप विसळत राहिली. मग म्हणाली, "शुभा, तुला कुणी म्हटलं असतं, चित्र लावतो पण देवगड खोड, तर?" मी म्हटलं, खोडलं असतं, तेव्हा मला बक्षीस पाहिजे होतं. ती हसली आणि मग रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला सासूच्या बोलण्यानंसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. आजही मला नक्की सांगता येत नाही, कोण बरोबर होतं. कधी वाटतं, तिनं ओळ खोडायला हवी होती. आणि कधी त्या चिठ्ठ्या काढून बघते आणि वाटतं, हे खोडणार तरी कसं...

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, तांत्रिक कारणामुळे प्रदर्शन रद्द. मग गोंधळ सुरू झाला. पेपरात आलं, चॅनेलवाले बिल्डिंगखाली आले. एका बाजूचे तिला शिव्या घालत होते. दुसऱ्या बाजूचे येऊन शाली देत होते, आमच्या सभेत बोला म्हणत होते, कर्णिकांचं नाव घ्या म्हणत होते. नाव घ्यायला ती तयार झाली नाही. सगळी चित्रं तिनं घरी आणून बेडरूमच्या भिंतींवर लावली होती, आणि शाल देऊन फोटो काढून गेलेल्यांपैकी आत जाऊन ती बघायला किती जणांना सुचलं, म्हणाल तर जवळजवळ कुणालाच नाही. हे तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मग ती स्वतः सोसायटीत दारोदार गेली. रविवारी मुलांना पाठवा, घरीच आहेत चित्रं. सगळ्यांनी चहा विचारला. सगळे म्हणाले, काकू, आम्हाला काही नाही हो, पण... या "पण"च्या पुढे कुणी गेलं नाही. त्या रविवारी तिनं चकल्या केल्या, सतरंजी घातली, आणि दुपारभर दादा आणि ती दोघंच सतरंजीवर बसून होती. संध्याकाळी मी फोन केला तर म्हणाली, "सलमाला काय कळवू गं?" मी म्हटलं, कळव आवडली म्हणून, कोण बघायला येतंय. ती म्हणाली, "मुलाला त्याच्या चित्राबद्दल खोटं सांगायचं? मी?" त्यानंतर रोज हेच. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, मधूनच, "काय कळवू गं?" आणि एक दिवस दुपारी ती आडवी झाली.

बाराव्यानंतर कर्णिक आले. संग्रहालयात शोकसभा ठेवतो, म्हणाले, आणि भिंतीवर ताईंचा मोठा फोटो लावतो, कायमचा. माझा भाऊ आयुष्यभर मशीनच्या आवाजात काम केलेला माणूस, बोलणं कमीच. तो म्हणाला, "साहेब, आता तिचा फोटो लावायला तुम्हाला भीती नाही वाटत. कारण ती आता काही बोलणार नाही." कर्णिकांनी चष्मा काढला. नंतर त्यांनीच विचारलं, चित्रं बघू का. आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. जाताना म्हणाले, नातवंडांना घेऊन येतो. अजून आलेले नाहीत.

स्नेहल आली ती त्यानंतर. खूप रडली. सध्या तिकडे आत कुणाला जाता येत नाही, म्हणाली, चित्रं परत कशी पोचवायची ते कळत नाही. दादानं विचारलं, "त्या पोरीला काय कळवलंस?" काहीच नाही, स्नेहल म्हणाली, बाईंनी सांगितलं होतं मी सांगेपर्यंत काही बोलू नको. वहिनीच्या फोनमध्ये सलमाच्या वॉर्डातल्या एका नर्सचा नंबर होता, ती निरोप पोचवायची. दादा उठला, वहिनीचा फोन घेऊन आला आणि स्नेहलच्या हातात दिला. "दाब खंय दाबूचा ता. मी बोलतंय."

माझ्या भावाला घरच्यासारखं बोलायचं म्हटलं की मालवणीच येते. स्नेहलनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि तो बेडरूमच्या दारात उभा राहून बोलला. "सलमा, मी म्हातारो माणूस बोलतंय. चित्रा लावणारी माझी बायको. ती आता नाय. हयच्या पोरांका तुझी बकरी कोणी बघूक देवक नाय, म्हणान त्यांका आवडली काय नाय, ता माका सांगूक येवचा नाय. मी रोज बघतंय. माका आवडली. तिका पाच पाय आसत, पण आसांदेत. माझो गाव देवगड. मी जन्मलंय विक्रोळीत, पण इचारल्यार देवगडच सांगतंय. तुझ्या चिठयेर तुझ्या गावाचा नाव तसाच आसा." स्नेहलनं तिच्या मोडक्यातोडक्या अरबीत त्याचा अर्थ सांगितला आणि निरोप पाठवला.

मी त्याला समजावलं, एक टिक म्हणजे आपल्याकडून गेला, दोन म्हणजे तिकडे पोचला. तेव्हापासून तो वहिनीचा फोन रोज चार्ज करतो. त्याला त्या बारीक खुणा नीट दिसत नाहीत, म्हणून मी गेले की चप्पल काढायच्या आत फोन माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, "बघ गो, दुसरी इली काय?"

मी बघते. एकच आहे.