सांधा दिसला तरी चालेल

तिचं खरं नाव कागदपत्रांपुरतंच उरलं होतं. सगळी गल्ली तिला पूर्णाबाई म्हणायची, कारण लोकांनी अर्ध्यावर टाकलेलं विणकाम पुरं करून देणं हा तिचा धंदा होता. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी एक टेबल, भिंतीला लोकरीच्या गुंड्यांचे खण, आणि दाराजवळच्या फळीवर कापडी पिशव्यांत बिनबाह्यांचे, बिनगळ्यांचे स्वेटर. जगात आरंभशूरांचा तुटवडा नाही, त्यामुळे ती फळी तीस वर्षांत कधी रिकामी दिसली नाही.

गिऱ्हाईक आलं की तीन प्रश्न विचारून ती चिठ्ठी लिहायची आणि पिशवीला टाचायची. कुणी सुरू केलं, कुणासाठी, का थांबलं. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच, वेळ मिळाला नाही. ती निमूटपणे तेच लिहून घ्यायची आणि गिऱ्हाईक गेल्यावर वीण उजेडात धरून खरं कारण स्वतः शोधायची. दोन बोटं विणून थांबलेल्याने ते आधीच शेजारीपाजारी दाखवलेलं असायचं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं झाल्यावर उरलेलं कोण विणतो? एक बाही करून थांबलेल्याला दुसऱ्या बाहीत नवं काही सापडलेलं नसायचं. आणि गळ्याशी थांबलेला माणूस भित्रा, असं तिचं ठाम मत होतं. गळा झाला की स्वेटर अंगात घालावा लागतो, आणि मग तो कसा झालाय ते सगळ्यांना दिसतं.

तिची खरी करामत वेगळीच होती. कुणाचे टाके घट्ट असतात, कुणाचे सैल. पूर्णाबाई ज्याची वस्तू त्याच्या हाताने विणायची. त्याचं कुठे संपलं आणि हिचं कुठे सुरू झालं, हे भिंग लावूनही सापडायचं नाही. "सांधा दिसायला नको हं," असं प्रत्येक जण बजावून जायचा, आणि तो दिसायचा नाही.

हीच बाई स्वतःचा एक स्वेटर तेहतीस वर्षं कपाटाच्या वरच्या खणात ठेवून होती. तो तिच्या थोरल्या बहिणीसाठी होता. हिला विणायला शिकवलं ताईनेच, आणि ताईची रीत एकच होती. चूक दिसली की ती बोलायची नाही, सुई काढायची आणि धागा ओढायची. सर्रकन दहा ओळी जायच्या. त्यापेक्षा रागावली असती तर बरं, असं धाकटीला वाटायचं. पुढे धाकटी चोवीस वर्षांची झाल्यावर ताई म्हणाली, "माझ्यासाठी एक स्वेटर कर. पुस्तकातला नमुना नको, तुझ्या मनाचा कर." धाकटीने कागदावर चौकटी आखून वेलीचा नमुना बसवला. पाठ महिन्याभरात झाली, पुढचा भाग छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला. ताईने कधी तगादा लावला नाही. क्वचित एवढंच म्हणायची, "माझा स्वेटर तुझ्या कपाटाला ऊब देतोय गं."

आता ताई महिनाअखेरीला मुलाकडे कायमची राहायला चालली होती. गाव दोन दिवसांच्या वाटेवरचं आणि थंड. तिचे गुडघे असे, की पुन्हा येणं कठीण. हे दोघींना ठाऊक होतं, म्हणून दोघी फक्त सामानाबद्दल बोलत होत्या. त्या आठवड्यात पूर्णाबाईने दोनदा स्वेटर काढला, चार ओळी विणल्या, उसवल्या आणि परत ठेवून दिला. तिला कारण विचारलं असतं तर तिनेही वेळ मिळत नाही असंच सांगितलं असतं.

एका दुपारी ताई रिकामी बॅग न्यायला आली. बॅग त्याच वरच्या खणात होती. ताई आतून आली ती बॅगेऐवजी त्या अर्ध्या स्वेटरची पिशवी घेऊन, आणि येऊन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"हे पुरं करून पाहिजे," ती म्हणाली.

पूर्णाबाईचे कान तापले. "ताई, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? गिऱ्हाईक आहे मी. चिठ्ठी लिही."

ताईपुढे तिचं कधी चाललं नव्हतं. तिने चिठ्ठी घेतली. "कुणी सुरू केलं?"

"माझ्या धाकट्या बहिणीने."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"का थांबलं?"

"ते तू सांग. लोकांचं तर नुसतं बघून सांगतेस."

पूर्णाबाईने वीण खिडकीशी धरली. इतक्या वर्षांत तिने ती परक्याची म्हणून कधी पाहिलीच नव्हती. खालचे टाके सैल होते, मजेत विणलेले. छातीशी मात्र लोकर ओढून ओढून केसाळ झाली होती.

"हिने इथे वीस-पंचवीस वेळा उसवलंय," ती म्हणाली. "चूक नसताना."

"मग कशाला उसवलं?"

"दुसऱ्या कुणी उसवायच्या आत."

 ताईने टेबलावरची कात्री सरळ केली, मग पुन्हा तिरकी केली.

"ती दुसरी तेव्हा सतरा वर्षांची होती," ती म्हणाली. "तिला वाटायचं, असंच शिकवतात." आणि उठता उठता म्हणाली, "चिठ्ठीवर अजून एक लिही. सांधा दिसला तरी चालेल."

असं सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. पूर्णाबाईने आधी सवयीने त्या चोवीस वर्षांच्या मुलीसारखा हात चालवायचा प्रयत्न केला. शेकडो परके हात तिला जमले होते, हा जमेना. शेवटी तिने नाद सोडला आणि आता जसा हात होता तसंच विणायला घेतलं. सांध्याच्या वर एक पान उलट्या बाजूला वळलं, आणि ते लक्षात आलं सहा ओळींनंतर. बोटं धाग्याकडे गेली. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन सातवी ओळ विणू लागली. बाराव्या दिवशी गळा झाला.

ताई निघायच्या आदल्या दिवशी आली. तिने स्वेटर टेबलावर पसरून अंगठा फिरवला. सांधा लगेच सापडला. खाली सैल, वर घट्ट, डोळे मिटूनही कळला असता. अंगठा आणखी वर सरकला आणि थांबला.

"हे पान उलटं पडलंय."

"माहीत आहे," पूर्णाबाई म्हणाली. सत्तावन्न वर्षांची बाई त्या अंगठ्याकडे बघत होती आणि तिला खरोखर भीती वाटत होती.

ताईने स्वेटर उचलला आणि भर दुपारच्या उकाड्यात डोक्यातून घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या.

"लांब झाल्या का?" पूर्णाबाई घाईने म्हणाली. "दे, दोन बोटं उसवून देते."

"हात लावायचा नाही," ताई म्हणाली, आणि बाह्या दुमडू लागली.