वाचल्याशिवाय शिक्का नाही

परदेशी नोकरीच्या परवाना कचेरीत चार नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे रेडिओबाई म्हणत. नियम असा होता, की जाणाऱ्याला त्याचा करार त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची आणि मग शिक्का. इतर खिडक्यांवर ‘समजलं ना?’ एवढ्यावर वाचन उरके. बाई मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, आणि काचेतून आवाज जात नाही म्हणून खणखणीत वाचत. त्यांची रांग गोगलगाईला लाजवी. एजंट त्या खिडकीकडे फिरकतच नसत.

त्या सोमवारी इतर खिडक्यांवर झुंबड होती, म्हणून एक एजंट बारा जणांना घेऊन नाइलाजाने चार नंबरवर आला. अर्जांवर काम लिहिलं होतं, ‘गोदामाचे पहारेकरी’.

“ताई, बाराही करार एकसारखेच. पटापट शिक्के मारा, संध्याकाळी विमान आहे.”

“एकसारखे आहेत तर एकदाच वाचते. सगळ्यांना पुढे घ्या.”

पगार झाला, रजा झाली, जेवणखाण झालं. चौदाव्या कलमावर बाई थांबल्या, चष्मा पुसला आणि वाचलं, “गरजेनुसार कामगारास त्या देशाच्या सैन्याच्या कोणत्याही तुकडीत, कोणत्याही आघाडीवर पाठवता येईल. मुदत संपेपर्यंत त्यास नोकरी सोडता येणार नाही.” कुणी न विचारता त्यांनी ते पुन्हा वाचलं.

पुढे उभ्या असलेल्या गवंड्याने विचारलं, “आघाडी म्हणजे लढाईची?”

“दुसरी कुठली असते, दादा?”

एजंट हसला. “छापील मजकूर हो. नावापुरता.”

“मग खोडून द्या.” बाईंनी फटीतून पेन बाहेर सरकवलं.

एजंटाने पेनला हात लावला नाही. तो तडक साहेबांना घेऊन आला.

“बाई,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “अर्जावर पहारेकरी आहे ना? आपण कशाला खोलात शिरायचं?”

“साहेब, परक्या सैन्यासाठी माणसं न्यायला सरकारची वेगळी परवानगी लागते. ती असेल तर दाखवू देत.”

“त्यांची वरपर्यंत ओळख आहे. तुमची रवानगी तळघरात होईल.”

“तिथे निदान रांग नसेल.” बाईंनी शिक्का साहेबांपुढे धरला. “तुम्हाला मारायचा असेल तर मारा. सहीही तुमचीच लागेल.”

साहेबांनी हात खिशात घातले.

बाईंनी बाराही अर्जांवर लाल शाईने लिहिलं, ‘सैनिकी भरती. परवानगी नाही. अर्ज परत.’ गवंडी एजंटाकडे वळला. “आमचे पासपोर्ट काढा.” एजंटाने पिशवी काखेत दाबली. मग बाराही जण त्याच्याभोवती उभे राहिले, तेव्हा त्याने पिशवी उघडली. एक पोरगेला रंगारी तेवढा पुटपुटला, “आता घरी काय सांगू?”

“चौदावं कलम सांग,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी शिपायाने बदलीचा हुकूम आणला. तळघर, जुनं दफ्तर.

“पोच म्हणून इथे सही करा, बाई.”

“आधी वाचायचं असतं.”

बाई उठून उभ्या राहिल्या आणि जावक क्रमांकापासून हुकूम वाचू लागल्या. खिडक्या थांबल्या, रांगा वळल्या, साहेबांच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. ‘कार्यालयीन सोयीसाठी’ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. मग सही केली.