मढच्या उतरत्या वाळूवर

मागच्या ऑलिंपिकात बायकांची शंभर मीटरची शर्यत सेंट लुसिया नावाच्या बेटावरच्या एका मुलीने जिंकली. सकाळी चहा घेताना मी ती फोनवर पाहिली. मग परत पाहिली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा बायकोने समोरचा कप उचलला आणि म्हणाली, "चहाचं पाणी झालंय. तुम्हाला आनंद झालाय की रडू येतंय, तेवढं एकदा ठरवा." त्या अख्ख्या देशात जितकी माणसं राहतात, त्याहून कितीतरी जास्त आमच्या अंधेरीच्या पश्चिमेला राहतात, आणि तिथली पोरगी जगात सगळ्यात वेगाने धावते. पंधरा वर्षांपूर्वी मी हे वाक्य वर्गावर्गात सांगत फिरलो असतो. त्या सकाळी मात्र मी फोन पालथा ठेवला.

मी पी.टी.चा मास्तर. अंधेरीतल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं शिट्टी फुंकली. माझे वडील मालवणकडचे, गिरणीत कामाला. मी शारीरिक शिक्षणाचा कोर्स करणार म्हटल्यावर ते जेवता जेवता एवढंच म्हणाले होते, "धावान कोणाचा पोट भरता?" त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मी पुढे आयुष्यभर शोधत राहिलो, आणि मला ते सापडलं वेस्ट इंडीजच्या बेटांवर.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. पेपरात त्या बेटांवरच्या धावपटूंबद्दल काहीही आलं की कापून चिकटवायचं. आपला देश नुकता स्वतंत्र झाला होता तेव्हापासून जमैकाची माणसं चारशे मीटर जिंकत आली आहेत. आमच्या वडिलांच्या गिरणीचा भोंगा वाजत होता त्या काळात त्रिनिदादच्या एकाने शंभर मीटर जिंकली. पुढे बहामाच्या बायकांनी रिले जिंकली, मग तिथल्याच एकीने चारशे. ही नावं मी पोरांकडून पाढ्यांसारखी पाठ करून घेत असे. नकाशावर ही बेटं दाखवायची तर पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जात, आणि मला त्याचाच अभिमान वाटायचा. जणू ती बेटं म्हणजे वडिलांना द्यायचं राहिलेलं माझं उत्तर.

हे लोक एवढे जोरात का धावतात, यावर त्या कात्रणांत नाना तर्क होते. कोणी म्हणे कंदमुळं खाऊन, कोणी म्हणे डोंगरात चढउतार करून, कोणी पूर्वजांच्या रक्ताची गोष्ट सांगे. मला आवडला तो वाळूचा तर्क. लहानपणी किनाऱ्यावर अनवाणी धावून पाय तयार होतात, असं कुठेतरी लिहिलं होतं. त्या ओळीखाली मी लाल पेनने रेघ मारली. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉक बसवलेलं अंगण, त्यात मधोमध पाण्याची टाकी. मैदान नसलेल्या मास्तरला समुद्र फुकट मिळत होता, मग रेघ मारणार नाही तर काय.

ती मुलगी आठवीत आमच्याकडे आली. मढच्या कोळीवाड्यातली. मढला सगळे आयलंड म्हणतात; मालाडकडून रस्त्याने जाता येतं, पण आमच्या बाजूला यायचं तर वर्सोव्याला होडीतून उतरावं लागतं. होडीला उशीर झाला की तिला उशीर. उशिरा येणाऱ्यांना पकडायला मी फाटकात उभा असे. एक दिवस ती गल्लीच्या टोकाला दिसली, दप्तर छातीशी धरलेलं, आणि मी "किती वाजले" असं दरडावायला तोंड उघडेपर्यंत ती माझ्या बगलेखालून आत गेली होती. प्रार्थना सुरू झाली तरी मी फाटकातच उभा होतो. आयुष्यात एकदाच एखाद्याला हवं ते असं समोर येतं, असं मला वाटलं. आजही वाटतं, म्हणून तर इतकं दुखतं.

दर रविवारी सकाळी पहिल्या होडीने मी मढला जाऊ लागलो. तिच्या आईने परवानगी दिली, पण एका अटीवर. त्या बाईंचं सकाळचं काम चालू होतं, मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, पोरगी पलते तं पलूं द्या. पन जवला सुकवतो त्या जागेवर पाय नको." किनाऱ्याचा वरचा पट्टा सपाट आणि घट्ट होता, आणि तो सगळा मासळी सुकवायला घेतलेला. तिथे चप्पल घालून कोणी जात नाही, धावायचं तर सोडाच. ज्या जागेवर पोट भरतं ती लाथाडायची नाही, हा तिथला रिवाज. मला तो फार योग्य वाटला. म्हणून आम्ही त्याच्या खाली, पाण्याकडे उतरत जाणाऱ्या ओल्या वाळूवर धावायला लागलो.

आणखी एक गोष्ट मी केली, ती मात्र कोणी सांगितलेली नव्हती. थंडीत सकाळचा वारा जमिनीकडून येतो, जरासा उत्तरेकडून. होड्या लावतात तिथून दक्षिणेला धावलं की तो पाठीवर मिळतो. पाठीवर वारा असला की वेळ चांगली लागते. मला चांगली वेळ बघायची होती. म्हणून ती नेहमी एकाच दिशेने धावायची आणि चालत परत यायची. दोन वर्षं, रविवारमागून रविवार, उजवा पाय समुद्राकडे खाली आणि डावा वर. हे मला दिसत होतं का? दिसत असणार. मी स्टॉपवॉचकडे बघत होतो.

तिच्याबरोबर वाड्यातल्या आणखी सात मुली यायच्या. कोणी बहीण, कोणी मैत्रीण, कोणी नुसती मजा म्हणून. त्या तिच्या मागून धावायच्या, हसायच्या, पडायच्या. घड्याळ एकच होतं, आणि ते तिच्यासाठी होतं.

दहावीच्या वर्षी ती म्हणाली, "सर, नडगी दुखते. डावी." मी तिला वहीतली लाल रेघ सांगितली. बेटावरच्या पोरी काय गादीवर धावतात का, वाळूने पाय घट्ट होतात, आधी दुखणारच. "गरम पाण्यात मीठ टाकून शेक," म्हटलं. तिने शेकलं. पुढच्या रविवारी विचारलं तर म्हणाली, "बरं आहे." नंतरच्या रविवारीही बरं आहे. तिची वेळ सुधारत होती, त्यामुळे मीही विश्वास ठेवला. माणूस सोयीचं असतं त्यावर पटकन विश्वास ठेवतो, आणि मी तर त्यातला पहिला नंबर.

मग सरकारी क्रीडा-वसतिगृहाची निवड चाचणी आली. निवड झाली असती तर राहायला हॉस्टेल, तीन वेळचं जेवण, शिकवायला खरा प्रशिक्षक आणि पायाखाली खरा ट्रॅक. तिच्या आईला मी हे सगळं दोनदा समजावून सांगितलं होतं, आणि त्या बाईंनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. बोरिवलीच्या बाजूला एका मैदानावर चाचणी होती. ती तिसऱ्या लेनमध्ये होती. सुरुवात झकास. पन्नास मीटरपर्यंत पुढे कोणी नव्हतं. मग ती खाली बसली. पडली नाही, बसली, जसं कोणी बसस्टॉपवर बसावं. बाकीच्या मुली तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. मी धावत पोचलो तेव्हा ती दोन्ही हातांनी नडगी घट्ट धरून बसली होती, हात सोडला तर पाय वेगळा होईल अशी.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडाला आधीपासून बारीक तडा होता, आज त्याच जागी ते मोडलं, असं ते म्हणाले. मग तिला विचारलं, "किती दिवस दुखत होतं?" तिने माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "आजच दुखलं."

मी गप्प राहिलो. हे लिहायला मला पंधरा वर्षं लागली. डॉक्टर समोर होते, तिची आई समोर होती, आणि खरं काय ते मला माहीत होतं. मी "पाणी आणतो" म्हणून बाहेर गेलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो.

पायात सळई घातली. हाड जुळलं, पण ती परत धावली नाही. तिची आई मला एका शब्दानेही काही बोलली नाही. उलट महिन्याभराने कोणाच्यातरी हाती सुक्या बोंबलांची जुडी घरी पाठवली. मला ते खाता आले नाहीत. बायकोने शेजारी दिले.

मी मढला जायचं सोडलं. शाळेतही स्पर्धांच्या टीमचं काम दुसऱ्या कोणाला द्या म्हणून मुख्याध्यापकांना सांगितलं. दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे ते काम तसंच पडून बंद झालं. हळूहळू पी.टी.चा तास गणिताला जाऊ लागला आणि मी हरकत घेतली नाही. घरच्यांना वाटलं, मास्तर मनाला फार लावून घेतात. मलाही तेच वाटायचं. मी स्वतःला शिक्षा करतोय, असा माझा समज होता.

आता सेंट लुसियाच्या त्या मुलीची शर्यत पाहिल्यावर जुनी खोड परत उसळली. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर, फोन हातात. या बेटांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. आणि एका लेखात साधी गोष्ट वाचली: समुद्राकडे उतरत्या वाळूवर एकाच बाजूने जोरात धावू नये, एक पाय वर आणि एक खाली पडतो, त्याने हाडांना तडे जातात. तिथल्या शाळांत मुलं सपाट गवतावर धावतात, चुना टाकून आखलेल्या रेघांमध्ये. दरवर्षी शाळाशाळांच्या स्पर्धा होतात, शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत, बघायला अख्खं गाव लोटतं. हरणाऱ्या मुलालाही कोणीतरी उभा राहून वेळ सांगतो. एक जिंकते, कारण तिच्या मागे शेकडो धावत असतात. यात जादू काहीच नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे मला नवीन नव्हतं. गवताची आणि शाळांच्या स्पर्धांची गोष्ट माझ्या वहीतही एका कात्रणात होती. मी ती नीट कापून चिकटवली होती, फक्त तिच्याखाली रेघ मारली नव्हती.

आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "मला काय सांगताय? जिला सांगायचं तिला जाऊन सांगा ना." म्हणून मी मढला गेलो.

ती ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. आता तिशीची, एका मुलीची आई. मला पाहून उठली, उठताना डाव्या पायावर जरा थांबली, खुर्ची आणली, चहा ठेवला. शाळेची, बायकोची, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मी घरून ठरवून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. उतरती वाळू, पाठीवरचा वारा, एकच दिशा, मीठ, सगळं. म्हटलं, "तुझा पाय माझ्यामुळे गेला. आणि हॉस्पिटलात मी तोंड उघडलं नाही."

ती कोलंबी सोलत होती. म्हणाली, "सर, मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही पाणी आणायला गेलात ना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठे धावतेस. मी त्यांना हात असा तिरका करून दाखवला. त्यांनी तेव्हाच सांगितलं, यानेच झालं."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस? मला शिव्या घालायच्या होत्यास."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायचंच सोडलं असतंत. तुमचा स्वभाव काय माहीत नाही का. बाकीच्या पोरी होत्या ना. आईलापण मीच सांगितलं, सरांना काही बोलायचं नाही, त्यांना येऊ दे." तिने सालं बाजूला सारली. "आणि तरीही तुम्ही सोडलंतच."

मी म्हटलं, "माझ्याने तिथे पाय टाकवला नसता गं."

"चार रविवार त्या सगळ्या जणी येऊन बसल्या होत्या, सर. सकाळच्या पहिल्या होडीला. मी प्लास्टर घेऊन दारात बसलेली, मला दिसायच्या. होडी लागली की उभ्या राहायच्या, तुम्ही नाही उतरलात की परत बसायच्या. पाचव्या रविवारी नाही आल्या." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पायाचं मला आता काही वाटत नाही, खरंच. पण त्यातली एक माझ्यापेक्षा जोरात होती. शेवटच्या वर्षी ती मला मागे टाकायची, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून शेवटी हळू व्हायची. तुम्ही तिची वेळ कधी घेतलीच नाहीत."

कोणती, मी विचारलं.

"आता सांगून काय करणार?" ती म्हणाली, आणि चहा गाळायला आत गेली.

चहा प्यायलो, तिच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. परतीच्या होडीत मी त्या सात जणींना आठवत बसलो. कोण उंच होती, कोण वेणी घालायची, कोण पडली की हसायची. वर्सोवा येईपर्यंत आठवत होतो. मला एकीचाही चेहरा आठवला नाही.