ढाप्यावरचं कमळ

आमच्या गल्लीतल्या पावसाळी गटारावर ढापे बसवायचं काम मला मिळालं, तेव्हा मी भलताच खुशीत होतो. गंगापूर रोडच्या मागे आमचं तळमजल्याचं घर. साधे ढापे नकोत, नक्षीचं काँक्रीट टाकू, असं मीच सुचवलेलं. वर काळ्या दगडाचा छाप, मधे बोटभर फटी. रस्त्यावरचं पाणी त्या फटींतूनच खाली जायचं.

आईला फटी पटल्या नाहीत. "रांगोळी कुठं काढू मी? सगळी गटारात जाते." चार दिवस तिचं तेच पालुपद. शेवटी तिच्या दारापुढच्या ढाप्यावर मी बिनफटीचं लाल कमळ छापलं. एकानं काय होतंय, म्हटलं. झालं, शेजारणींनी ते पाहिलं आणि प्रत्येकीला कमळ हवं झालं. त्यांच्या हातचं खाऊन मोठा झालेलो मी, नाही कसला म्हणतोय? गल्लीभर कमळं झाली, फट एक उरली नाही.

सप्टेंबरातल्या एका दुपारी पावसानं झोडपून काढलं. मी दिंडोरीला दुसऱ्या कामावर होतो. आईचा फोन आला, "अरे, दारातून पाणी आत येतंय." तिचा पाय प्लास्टरमध्ये, वॉकर धरून कशीबशी चालायची.

पोचलो तर गल्लीत गुडघाभर पाणी. खिडकीतून आई दिसली, पलंगावर पाय वर घेऊन बसलेली. फरशी पाण्याखाली, उतरली असती तर पडलीच असती. दाराला आतून कडी, खिडकीला गज, आणि ते गजही मीच बसवून घेतलेले. तिला बाहेर येता येईना, मला आत जाता येईना.

गाडीतली पहार आणून मी पाण्याखालचं कमळ चाचपडलं आणि घाव घालत सुटलो. काम इतकं चोख केलेलं की मेलं फुटेना. रडू यायला लागलं. बऱ्याच वेळानं एक तुकडा खाली गेला आणि पाणी ओढलं जाऊ लागलं.

फरशी उघडी पडल्यावर आईनं वॉकर सरकवत येऊन कडी काढली. भोकाकडे पाहत म्हणाली, "असं होणार, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला नाही म्हणायला काय झालं होतं तुला?"

बाकीची कमळं अजून शाबूत होती, पाऊस पुन्हा धरून आला होता. पहार हातात होती, आणि तरी मी आधी शेजारणीची बेल वाजवली, परवानगी मागायला.