काचेवरची इंद्रधनुषी मिशी

सांगलीहून संशोधनासाठी मी चेन्नईला आले, तेव्हा प्रयोगशाळेत मराठी बोलणारं माणूस भेटेल असं वाटलं नव्हतं. आमच्या लेसरच्या खोलीच्या तंत्रज्ञ बाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या निघाल्या. पन्नाशीच्या, तांबरमहून रोज येणाऱ्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल मात्र पक्का तमिळ. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले.

आमचं काम प्रकाश पडताच हलणाऱ्या पॉलिमरवर होतं. त्यातले अझोबेंझीनचे रेणू एरवी सरळ असतात, लेसर पडला की वाकतात, पुन्हा सरळ होतात. त्यांच्या या चुळबुळीमुळे काचेवर दिलेला पॉलिमरचा पातळ थर उजेडाकडून अंधाराकडे सरकतो. लेसरचे दोन झोत एकमेकांवर पाडले, की थरावर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात आणि तशाच बारीक सऱ्या उमटतात. समोरून पाहिलं तर नुसती नारिंगी काच. तिरपी धरली की सप्तरंग.

आमच्या सरांना भरघोस मिशी होती. एका कंटाळवाण्या दुपारी मी काळ्या कागदात नखाएवढी मिशी कोरली आणि तो कागद थरापुढे लावला, म्हणजे सऱ्या फक्त मिशीच्या आकारात उमटतील.

"अय्यो, टोकं वर घे," अक्का म्हणाल्या. "सरांची तशी आहेत."

मी टोकं वर घेतली. लेसर चालू करून आम्ही कॉफीला गेलो. तिथे अक्का सुनेबद्दल सांगत बसल्या आणि वेळ किती गेला, दोघींनाही कळलं नाही. परतल्यावर ती काच मी बाकीच्या काचांसोबत डबीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे एक प्राध्यापक काम पाहायला आले. सरांनी डबीतून एक काच उचलून त्यांच्या हातात दिली. समोरून सगळ्या काचा सारख्याच. कोणती उचलली ते मला कळलं, पण तोवर उशीर झाला होता. पाहुण्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरपी केली. एकदा काचेकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

"तुमचंच आहे का हे?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

सरांनी काच घेतली, फिरवली आणि माझ्याकडे वळले. "काय मा हे?" इकडे मुलींना सगळे असंच 'मा' म्हणतात.

अक्का छताकडे पाहत होत्या. पाहुण्यांनी मात्र काच परत घेतली, तिच्यातून लेसरचा बारीक झोत सोडला आणि भिंतीवर उमटलेल्या बाजूच्या ठिपक्याची तीव्रता मोजली. मग डबीतल्या आमच्या खऱ्या काचेची मोजली. मिशीचा ठिपका कितीतरी तेजस्वी होता, म्हणजे तिच्या सऱ्या जास्त खोल उमटल्या होत्या.

"पुसता येतं ना हे?" त्यांनी विचारलं.

"येतं," सर म्हणाले आणि काच स्वतःच गरम तव्यावर ठेवली. थर मऊ पडला, सऱ्या विरल्या, मिशी गेली. "माझी इतक्या सहज जायची नाही," सर म्हणाले, तेव्हा पाहुणे मोठ्याने हसले. मला अजून हसायची हिंमत होत नव्हती.

ते गेल्यावर सरांनी वही पुढे ओढली. "लेसर किती वेळ ठेवला होता?"

मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी माझ्याकडे.

"लिहिलं नाही, सर."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हाती आलेला सगळ्यात चांगला नमुना आम्ही थट्टेत बनवला होता, आणि तो कसा बनला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी आणि अक्का घड्याळ लावून एकेक काच करत बसलो. दर पाच मिनिटांनी नोंद. मी चुकले की अक्का डोळे वटारायच्या, जणू कागद मी एकटीनेच लावला होता.

अखेर एका काचेचा ठिपका त्या आकड्याला पोचला. सरांनी वहीत सही केली, शाबास म्हणाले, आणि काळ्या कागदाचा गठ्ठा उचलून आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.