यंत्राला कुंकू

आमच्या लालबागच्या चाळीसमोर टॉवरचं काम सुरू झालं आणि बाबांचा खोकला वाढला. विचारायला गेलो तर बिल्डरचा माणूस म्हणतो, मुंबईत धूळ कुठे नाही? माझं डोकंच फिरलं. बहिणीचं सहसा फिरत नाही. हवेतले कण मोजणाऱ्या सेन्सरवर ती संशोधन करते. तिने बिल्डरशी वाद न घालता आमच्या गॅलरीत तिचा एक डबा टांगला.

त्या डब्यात छोटा पंखा हवा ओढतो, हवेतून लेझरचा किरण जातो, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कण मोजले जातात. पत्र्याच्या भोकातून ऊन आलं की धूळ तरंगताना दिसते, तसंच. हे तिने मला इतक्या वेळा समजावलंय की आता मीही चारचौघांत ऐटीत सांगतो.

दसऱ्यानंतर आकडे चढले ते उतरेचनात. बिल्डरबरोबरची बैठक तोंडावर आलेली, त्यामुळे चाळ खूश. बहीण मात्र रोजचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसली.

"रविवारी काम बंद असतं रे. तरी आकडा खाली येत नाही," म्हणाली आणि डबा उघडून बसली. आत किरणाच्या वाटेवर लाल पूड चिकटलेली.

बाबा दारात उभे होते. "दसऱ्याक मियाच लायलंय हळद-कुंकू," ते हळूच म्हणाले. "गिरणीत असताना आमी दर दसऱ्याक मागाची पूजा करू. तुझ्या यंत्राची करूची नाय?"

पूजेचं कुंकू हवेच्या भोकापाशी लागलं होतं आणि पंख्याने ते आत ओढलं होतं; किरण त्यावरच विखुरत राहिला आणि आकडा फुगला. आता ही चिडणार असं मला वाटलं. ती म्हणाली, "करायचीच की, बाबा."

संध्याकाळी तिने चाळीला सांगून टाकलं, दसऱ्यानंतरचे आकडे बाद. शेजारचे काका भडकले. "अगं, आपल्याच फायद्याचे आहेत ना? कोणाला कळणार?"

"मला कळलंय ना, काका."

आतल्या खोलीत बाप खोकत असताना फायद्याचा आकडा खोडायला छाती लागते. माझ्याच्याने ते झालं नसतं.

डबा साफ करून तिने पुन्हा टांगला. बैठकीला बिल्डरचा इंजिनिअर स्वतःच्या वेगळ्या यंत्राने मोजून आला होता. दोघांचे आकडे शेजारी ठेवले, तर जवळपास सारखे. कुंकवाच्या आकड्यांपेक्षा बरेच कमी, तरी वाईटच. मग वाद घालायला जागा उरली नाही. कामावर पाणी मारायचं आणि हिरवं कापड बांधायचं ठरलं. बाबांचा खोकला गेला नाही, तो गिरणीचा आहे. पण आता जेवताना त्यांना घास हातात धरून थांबावं लागत नाही.

यंदा दसऱ्याला तिने पंखा बंद केला, भोकांवर चिकटपट्टी लावली आणि डबा बाबांपुढे पाटावर ठेवला.

"आता लावा," म्हणाली.

बाबांनी कुंकवात बोट बुडवलं, डब्यापर्यंत नेलं, जरा थांबले आणि तिच्या कपाळाला लावलं. डब्यावर झेंडूचं फूल तेवढं ठेवलं.